मावशीसाठी निघालेला केक

वाशीत राहायला येऊन आम्हाला दोन-तीन वर्षं झाली होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. आमच्या बिल्डिंगीत दिवे लागलेल्या घरांपेक्षा कुलूप असलेली घरं जास्त होती आणि डिसेंबरात खाडीवरचा वारा थेट स्वयंपाकघरात शिरायचा. आई माझ्याकडेच असायची. नाताळची माझी यादी महिनाभर आधी भिंतीला लागायची: करंज्या, शेव, पडदे धुणे, पोरांचे कपडे. त्या वर्षी सगळ्यात वर एकच काम होतं, मावशीकडे जाणं.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण. नगरजवळच्या आमच्या गावात देवळामागे राहायची. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. तिच्या घशाचं दुखणं वाढलं होतं आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. गावाकडच्या एकाबरोबर तिनं आईला निरोप पाठवला, यंदा तुझ्या हातचा केक खायचाय. दोघी मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या, केक तिथेच शिकलेल्या. आईचा जास्त चांगला होतो हे मावशीनं जन्मात कबूल केलं नव्हतं. आता करते कबूल म्हणावं, एवढं निरोपात वर होतं.

आईची बोटं संधिवातानं वाकली होती. तरी तिनं मला हात लावू दिला नाही. परातीत लोणी आणि साखर तळहातानं फेसत बसली, मध्येच थांबून हात पोटाशी धरायची. केक ती नेहमी पातेल्यात वाळू तापवून भाजायची. पण नेमका त्याच सकाळी सिलिंडर संपला, नवा यायला नाताळ उलटून जाणार होता, आणि घरात रॉकेलही नव्हतं. म्हणून मी मिश्रण घेऊन वाशी गावाजवळच्या बेकरीत गेले. तिथे लाकडाची भट्टी होती. पाव काढून झाले की नाताळात ते बायकांचे केक भाजून द्यायचे. साचे बेकरीचेच, सगळे एकसारखे. आपल्या नावाची चिठ्ठी कणकेनं साच्याला चिकटवायची.

दुपारी आणायला गेले तर भट्टीवाला डोकं धरून बसलेला. जाळ जास्त झाला होता आणि चिठ्ठ्या आतच जळून गेल्या होत्या. आधी आलेल्या बायका अंदाजानं आपापला केक उचलून गेल्या होत्या. दोनच उरले होते.

"कोनता तुमचा, मला काय म्हाईत बाई? चांगला दिसतो तो घ्या," तो म्हणाला.

रंग बघून, वजन बघून मी एक घेतला.

घरी आईनं फडकं उचललं, वास घेतला आणि केक पुन्हा झाकला. "यात जायफळ आहे. मी वेलदोडा घातला होता."

मी तशीच परत बेकरीत गेले. दुसरा केकही कुणीतरी नेला होता. ओळखीच्या दोन ख्रिस्ती घरांत विचारलं. त्यांचे केक त्यांचेच होते, निदान त्या तसं म्हणाल्या. रांगेत भांडणं, अडलेलं काम रेटून नेणं मला जमतं, पण इथे भांडायला समोर कुणी नव्हतं. घरात साखर होती, अंडी होती, फक्त आईच्या हातात पुन्हा फेसण्याइतकं बळ उरलं नव्हतं. मी फेसते म्हटलं.

"मग तो तुझा होईल," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पनवेलच्या स्टँडवर उभ्या. मुंबईहून येणाऱ्या गाड्या भरून यायच्या आणि कंडक्टर आतूनच हात हलवायचे. बऱ्याच वेळानं एका गाडीत मागच्या बाकावर जागा मिळाली. घाटात धुकं होतं आणि खिडकीची काच काही केल्या लागेना. आईनं त्या जायफळाच्या केकचाच डबा शालीच्या आत, छातीशी धरला होता. मी डोळे मिटले. प्रार्थनासुद्धा मुद्देसूद करायची माझी सवय, पण त्या दिवशी देवाकडे नक्की काय मागायचं तेच सुचेना.

गावात पोचलो तेव्हा देवळावर कागदी तारा चढवत होते. मावशी खाटेवर उशीला टेकून बसलेली. इतकी बारीक झाली होती की मी आधी तिच्या हातातल्या बांगड्याच पाहिल्या.

"आणलास?" तिनं विचारलं.

आईनं डबा उघडायच्या आधी सगळं सांगून टाकलं.

मावशी हसायला गेली आणि खोकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुझा कोण खातंय?"

"देवाला ठाऊक, आक्का."

"खाऊ दे. तिला काय माहीत, किती नशिबाची आहे ती."

तिनं डोळे मिटून आभार मानले. हा केक करणाऱ्या बाईसाठी, तिच्या लेकरांसाठीही मागितलं. आई मान खाली घालून आमेन म्हणाली.

"पुढच्या नाताळला मात्र तुझाच आण," मावशी म्हणाली.

"आणते."

एरवी असं काही ठरलं की काय काय लागेल ते मी लगेच मनात मांडायला घेते. त्या वेळी काहीच मांडता आलं नाही. मी उठून दूध कोमट करून आणलं.

आईनं केकचा तुकडा त्यात कालवला आणि चमच्यानं भरवू लागली. मावशी एकेक घास तोंडात धरून ठेवायची. ती गिळायला लागली की आईचाही गळा हलायचा.