ट्रेडमिलवर तांडेल

मंडळी, आज ओरोसच्या हॉस्पिटलात बाबांनी माझी पंचाईत केली.

जन्मभर मासेमारी बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान असलेला हा माणूस हार्ट अटॅकनंतर घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात उतरायलाही घाबरत होता. म्हणून फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायामाला नेलं. ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरून बाबा जेमतेम पावलं टाकत होते.

शेजारच्या ट्रेडमिलवर बाजारात मासे विकणाऱ्या, बायपास झालेल्या ओळखीच्या मावशी होत्या. त्या म्हणाल्या, "काय ओ तांडेल, दमलास?"

झालं! बाबांनी दांडाच सोडला. दहा मिनिटं संपली तरी उतरेनात.

"काका, आता थांबा," फिजिओ मॅडम म्हणाल्या.

"थांब गो! हिच्या फुडे गेल्याशिवाय मी उतरूचंय नाय!"

शेवटी मॅडमनी मशीनच बंद केली. बाबा घामाघूम, पण कित्येक दिवसांनी हसत होते.

गाडीत बसताना हळूच म्हणाले, "ती बाय परत कधी येतली?"

हे आईला सांगू का?