मलिद्याच्या ताटातली द्राक्षं

माझी धाकटी बहीण फोनवर कधीच खरं बोलत नाही. ताप असला तरी 'बरं आहे', नवऱ्याशी भांडण झालं तरी 'मजेत'. म्हणून तिने आईला कायमचं आपल्याकडे इस्राएलला बोलावलं आणि 'घर डोंगरावर आहे, हवा अगदी देवळालीसारखी' असं सांगितलं, तेव्हा आईने मला समोर बसवलं. "तू आधी जाऊन बघून ये. तू सांगशील ते मी ऐकेन. तुला खोटं बोलता येत नाही." हे कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

आम्ही मराठी ज्यू, बेने इस्राएल. मूळचे कोकणातले 'शनवार तेली', म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे. आजोबा नोकरीपायी नाशिकरोडला आले आणि आम्ही नाशिककर झालो. घरामागे एका माळी कुटुंबाचा मळा होता. कोबी, शेवंती आणि कडेला थोडी द्राक्षं. मळ्यातल्या काकू दर हंगामात एक चांगला घड आमच्याकडे पाठवायच्या, कारण तो आईच्या मलिद्यात लागतो हे त्यांना पाठ होतं. मलिदा म्हणजे आमचा नवसाचा प्रसाद. भिजवलेल्या पोह्यांत गूळ आणि ओलं खोबरं, भोवती पाच फळं, आणि त्यावर एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना. परीक्षा असो, बाळंतपण असो, परदेशप्रवास असो, आमच्याकडे मलिदा होतोच. नव्वदच्या दशकात बहीण इस्राएलला गेली तेव्हाही झाला. तिथे तिने लग्न केलं ते मराठी नसलेल्या ज्यूशी. त्याला मराठीतला एकच शब्द येतो, 'चहा', आणि तो त्याला आवडत नाही.

मी निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, "डोंगरावर पानी हाय का ते बघ पयलं. तिकडं सुरगाण्याला बायांचे लय हाल व्हत्यात."

पाणी होतं. टँकरने यायचं. वीज होती, मधूनमधून. नव्हता तो पाया. घर म्हणजे पत्र्याची लांबट खोली, सिमेंटच्या ठोकळ्यांवर आणून ठेवलेली. इस्राएलने युद्धात ताब्यात घेतलेल्या अरब मुलखात, उघड्या माळावर अशी पंधरावीस घरं, कडेने तारेचं कुंपण, फाटकावर पाळीपाळीने पहारा. मेहुणा ताटं विसळायला उभा राहिला तरी कमरेचं पिस्तूल तसंच. वारा सुटला की भिंती थरथरायच्या आणि मला वाटायचं, आपण रेल्वेच्या डब्यात बसलोय आणि गाडी कधी सुटेल ते कुणीच सांगत नाही.

फाटकाजवळच्या खांबावर एक छापील कागद डकवला होता. बहीण तिथून जाताना मान फिरवायची. दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना मी सरळच विचारलं.

"पाडायचा हुकूम आहे," ती म्हणाली. "खालच्या गावातला एक अरब म्हातारा कोर्टात गेलाय. टेकडी आमची म्हणतो."

"आहे का त्याची?"

"इथे काही नव्हतं ताई. दगड होते नुसते."

"आणि या अशा घरात तू आईला बोलावतेस? या वयात?"

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "आई आली की मला झोप लागेल."

तिची भीती खोटी नव्हती. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या एका शेजाऱ्याच्या गाडीवर रस्त्यात गोळ्या झाडल्या होत्या आणि तो गेला होता. शाळेच्या बसच्या काचा जाड आणि धुरकट होत्या, तरी दगड बसून त्यांवर तड्यांची जाळी पडलेली. मुलं परत येईपर्यंत बहीण खिडकी सोडायची नाही. पोळी करपली तरी हलायची नाही. तिच्यावर चिडताना मी हे कधी विसरले नाही, पण चिडायचं काही थांबले नाही.

घरामागे मेहुण्याने द्राक्षाच्या वेली लावल्या होत्या. ऑगस्टचे दिवस, छोटे छोटे घड धरलेले. मी आपली नाशिकची, हात आपोआप गेला. एक मणी तोंडात टाकते न टाकते तोच मेहुणा ओरडत धावत आला. पाठोपाठ बहीण. "थुंक, थुंक ताई!" झाड लावल्यापासून तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही, अशी आमच्या धर्माची आज्ञा आहे. ठाऊक होती, पण नाशकात आमच्या मालकीचं झाड होतंच कुठे? आयुष्य द्राक्षांच्या गावात काढलेल्या बाईला द्राक्ष थुंकायला लावलं, म्हणून मुलं खिदळत होती. चौथ्या वर्षी विधी करून खाता येतात. म्हणजे पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी कोण कुठे असेल, याबद्दल कुणी बोललं नाही.

खालच्या बांधावर मात्र जुनी बाग होती. खोडं मनगटाएवढी जाड, गेल्या हंगामातली छाटणी स्पष्ट दिसत होती, आणि पिकलेले घड लोंबत होते. छाटणी दगड करत नाहीत, एवढं मला कळतं. मी बहिणीला तसं म्हटलं. ती आत निघून गेली.

दोन दिवसांनी सैन्याची जीप आली आणि तिच्या मागून तो कोर्टात गेलेला म्हातारा आणि त्याची बायको, क्रेट घेऊन. त्यांना आपल्याच बागेत यायला परवानगी लागायची, आणि तीही दुपारपर्यंतचीच. म्हातारी भराभर घड तोडत होती, मान वर न करता. थोड्या वेळाने वस्तीतली तरणी पोरं जमली, आरडाओरडा सुरू झाला, एकाने ढेकूळ फेकलं. सैनिकांनी पोरांना मागे रेटलं, पण वेळ संपायच्या आत म्हाताऱ्यांनाही परत पाठवलं. अर्धी बाग तशीच राहिली. बहीण खिडकीतून बघत होती. "त्याच्याच वकिलाने नोटीस आणली," एवढंच ती बोलली. मला तिचाही राग आला आणि त्या पोरांचा तर आलाच. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण फक्त आपल्याकडेच आहे असं मी समजत होते.

घर वाचावं म्हणून बहिणीने मलिदा बोलला होता. पोहे आणि गूळ मी नाशिकहून नेलेच होते. मेहुणा शहरातून फळं आणणार होता, पण त्या दिवशी रस्ता बंद झाला. घरात खजूर, सफरचंद, केळी आणि एक डाळिंब निघालं. पाचवं फळ मिळेना. मी पोहे कालवत असताना बहीण बाहेर गेली आणि डोक्याच्या रुमालात काहीतरी बांधून परत आली. धुतलं, ताटात मांडलं. हिरवीगार द्राक्षं, मोठ्या मण्यांची.

"ही कुठली?"

"खालची. नाहीतरी सडूनच जाणार होती."

"त्यांना तोडू दिली असती तर सडली असती का?"

"मी अडवलं का त्यांना?"

"आपल्या घरची खायची नाहीत कारण देवाची आज्ञा. आणि दुसऱ्याची न विचारता तोडायची, ती कुणाची आज्ञा?"

"ताई, आई नेहमी द्राक्षं ठेवते. मला आईसारखा मलिदा हवाय. एवढं एक होऊ दे."

मेहुणा हातात प्रार्थनेचं पुस्तक घेऊन उभा होता, त्याला काही कळत नव्हतं. फळ तोंडात घालण्याआधी आम्ही बराखा म्हणतो, देवाचे आभार मानतो. चोरलेल्या फळावर ती म्हटली तर ते आभार नव्हेत, देवाची चेष्टा आहे, हे बाबांनी आम्हा दोघींना एकाच वेळी शिकवलं होतं. मी घड उचलला आणि ओट्यावर ठेवला. बहिणीने मेहुण्याला त्यांच्या भाषेत काय सांगितलं कोण जाणे, पण त्याचे कान लाल झाले. तो घड घेऊन बाहेर गेला आणि रिकाम्या हाताने आला. मग त्याने चार फळांवरच प्रार्थना म्हटली. बहीण संपूर्ण वेळ रडत होती. मलिद्याची वाटी तिने हातात घेतली नाही.

उरलेले दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. विमानतळावर मात्र गळ्यात पडली. "आईला सांग घर छान आहे. बस. बाकी काही सांगू नकोस. ती यायला हवी."

नाशिकला आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. कागद, पिस्तूल, शाळेची बस, म्हातारीचे क्रेट, द्राक्षं. काही म्हणजे काही ठेवलं नाही. आता ही जाणार नाही, अशी माझी खात्री होती आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. तिच्याशिवाय नाशिकच्या घरात एकटीने राहायची कल्पना मला सहन होत नव्हती.

आई म्हणाली, "म्हणजे घर पडणार."

"पडणारच. आज ना उद्या."

"मग तर गेलंच पाहिजे. घर चांगलं असतं तर तिला माझी काय गरज होती?"

मी ओरडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. म्हटलं, ती जमीन दुसऱ्याची आहे आई, तू त्यांच्या छातीवर जाऊन बसणार का? ती म्हणाली, "घर त्यांचं नाही, बरोबर आहे तुझं. पण पोरगी माझी आहे." माझ्या खरं बोलण्याचा असा उपयोग झाला. पावसाळा संपल्यावर ती गेली.

घरं पाडली ती पुढच्या हिवाळ्यात. फोन आईनेच केला. मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. सामान बाहेर काढलं, सैनिक पोरींनी तिला खुर्चीसकट उचलून बसपाशी नेलं, मेहुणा मातीत बसून राहिलाय, असं ती एकेक सांगत होती, बाजारहाट सांगावा तशा आवाजात.

"ते दोघं आलेत," ती मधेच म्हणाली. "म्हातारा-म्हातारी. खाली बांधावर उभे आहेत."

"मग?"

"मी त्यांच्याकडे बघून हात जोडले. तिने तोंड फिरवलं."

मी म्हटलं, "आई, परत ये."

"आत्ता कशी येऊ?" आई म्हणाली. "ही माझा पदर धरून बसलीये." मग म्हणाली, "त्या म्हातारीने तोंड फिरवलं ते बरोबरच केलं. मीही तेच केलं असतं." आणि फोन बहिणीच्या हातात दिला.