उलटी लावलेली कार्डं

वर्तमानपत्राचं जिल्हा पान बंद झालं तेव्हा मी त्या पानाचा उपसंपादक होतो. ग्रंथालयशास्त्राची पदवी आधी कधीतरी घेऊन ठेवली होती. तिच्या जोरावर मुरबाड तालुक्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात साहाय्यक म्हणून लागलो. कामाचं स्वरूप पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. मूल्यांकन समिती येणार आहे, त्याआधी सगळं ग्रंथालय संगणकावर गेलं पाहिजे.

तोपर्यंत देवघेव कार्डांवर चालायची. विद्यार्थ्याने पुस्तक नेलं की त्याचं कार्ड लाकडी ट्रेमध्ये जायचं आणि पुस्तक परत आलं की बाहेर निघायचं. हा ट्रे ज्यांनी बरीच वर्षं सांभाळला ते परिचर मी येण्याच्या महिनाभर आधी निवृत्त झाले होते. ते किन्हवलीचे. सगळे त्यांना काका म्हणत. त्यांची आणि माझी तोवर भेट झाली नव्हती.

डिसेंबरात मी ट्रे रिकामा करायला घेतला. काही कार्डं उलटी लावलेली होती, म्हणजे नाव मागे आणि कोरी बाजू पुढे. मी ती सरळ केली. वाकडं दिसलं की नीट करायचं, ही सवय वर्तमानपत्रातली. सरळ केल्यावर दिसलं की त्या कार्डांवर प्रत्येकी दोन-दोन पुस्तकं आहेत आणि परतीची तारीख कुठेच नाही. नियम सात दिवसांचा होता. सॉफ्टवेअर तारखेशिवाय पुढे जात नव्हतं. पर्याय तीन होते: परत आले, मुदत संपली, हरवले. मी ‘हरवले’ निवडलं. प्राचार्यांनी यादीवर सही केली. पुस्तकं नोंदवहीतून कमी झाली आणि ती कार्डं ज्यांची होती त्यांचं सभासदत्व थांबलं. समिती येऊन गेली. संगणकीकरण पूर्ण असल्याचा शेरा मिळाला.

जानेवारीत म्हशाच्या जत्रेच्या दिवशी एक विद्यार्थिनी खिडकीशी आली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. टोकावड्याच्या पुढच्या एका वाडीवरची. दिवाळीनंतर तिचं घर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. जत्रेपुरती भट्टीवरून सुट्टी मिळाली होती, म्हणून ती परीक्षेचा फॉर्म भरायला आली होती. घरातले बाकीचे जत्रेत होते. कार्यालयाने तिला माझ्याकडे पाठवलं, कारण ग्रंथालयाची संमती असल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता आणि तिच्या नावापुढे लाल रंगात दोन पुस्तकं हरवल्याची नोंद होती.

“हरवली नाय, सर,” ती म्हणाली. “भट्टीवर हायत. काकांनीच दिली. पावसाआधी आण म्हनले.”

तशी नोंद कुठे आहे, असं मी विचारलं. काकांना माहीत आहे, एवढंच तिने सांगितलं.

मी काकांना फोन लावला. ते जत्रेत बैल बघत होते. मागे माणसांचा आणि गुरांचा आवाज होता. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

“तुमी उलटी कार्डं सरळ केली का?”

“हो.”

“मंग झालं. उलटं म्हंजे भट्टीवर गेलेलं. ते कुनी हात लावायचं नसतं.”

हे कुठे लिहून का ठेवलं नाही, असं मी विचारलं. तेव्हा ते म्हणाले, लिहिलं असतं तर नियमात बसलं नसतं. एकही पुस्तक आजवर बुडलं नाही, फक्त मातीचे हात लागून यायची. मग कोणीतरी हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला.

‘हरवले’ ही नोंद मागे घ्यायला प्राचार्यांची मंजुरी आणि सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस, दोन्ही लागत होतं. प्राचार्य जत्रेच्या सत्काराला गेले होते. कंपनीच्या माणसाने दोन दिवसांत करतो म्हणून सांगितलं. तसं कोऱ्या कागदावर ‘संमती आहे’ एवढं लिहून मी तिला देऊ शकत होतो. पण हस्तलिखित काही द्यायचं नाही, अशी लेखी सूचना होती. मी कागद दिला नाही. तुझा नंबर दे, काम झालं की कळवतो, असं सांगितलं. फॉर्मची मुदत संपायला पाच दिवस होते.

तिने नंबर दिला. फोन भट्टीच्या कार्यालयात चार्जिंगला असतो, रोज हातात येत नाही, हेही तिने सांगितलं. ते मी ऐकलं होतं. मी बंदी उठल्याचा निरोप मोबाईलवर पाठवला तेव्हा मुदतीला दोन दिवस राहिले होते. त्या निरोपापुढे एकच खूण आली, म्हणजे तो पोचला नव्हता. दुसऱ्या दिवशीही एकच होती. मी फोन केला, तो बंद होता. भट्टी नेमकी कुठली हे मी विचारून घेतलं नव्हतं. मुदत संपली.

त्याच आठवड्यात कॉलेजमध्ये भविष्यातल्या ग्रंथालयावर व्याख्यान झालं. शहरातून तज्ज्ञ आले होते. ग्रंथालय आता विद्यार्थ्याच्या खिशात असेल, असं ते म्हणाले. मी त्यांचं प्रास्ताविक केलं आणि नंतर वृत्तांतही लिहून दिला. वृत्तांतात चूक नव्हती.

फेब्रुवारीत मी कंपनीला विचारलं की देवघेवीचा नवा प्रकार करता येईल का. सात दिवसांऐवजी सात महिने, आणि मध्ये सभासदत्व थांबणार नाही. करता येतो, असं उत्तर आलं. सेटिंग्जमध्ये तो पर्याय पहिल्यापासून होता. मी ‘हंगामी’ असं नाव दिलं. चहा थंड व्हायच्या आत काम झालं. प्राचार्यांनी वार्षिक अहवालात ‘स्थानिक गरजेनुसार अभिनव उपक्रम’ या शीर्षकाखाली त्याचा समावेश केला.

मेच्या अखेरीस ती आली. तांदळाच्या पिशवीत गुंडाळलेली दोन पुस्तकं तिने टेबलावर ठेवली. बांधणी शाबूत होती, कडेला लाल मातीचे ठसे होते. मी स्कॅनर फिरवला. त्या क्रमांकाचं पुस्तक अस्तित्वात नाही, असं संगणकाने दाखवलं. बंदी उठवताना पुस्तकं पुन्हा नोंदवहीत घ्यायची राहून गेली होती.

परीक्षेचं मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. निरोप चार दिवसांनी दिसला होता. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घालणार का, हे मग मी विचारलं. भाऊ भट्टीवर एकटा पडतो, बघू, असं ती म्हणाली.

ही पुस्तकं तूच ठेव, कॉलेजच्या दृष्टीने ती आता नाहीत, असं मी सुचवलं.

“नको. शिक्का हाय त्यावर. वाडीत कोनी बघितला तर म्हनंल चोरून आनली.”

पुस्तकं तिने माझ्या बाजूला सरकवली.

“परत दिल्याचं लिहून द्या.”

मी लिहून दिलं. तिचं नाव, दोन्ही पुस्तकांची नावं, तारीख, सही. तिने तो कागद उभ्यानेच वाचला आणि शिक्का राहिला असल्याचं दाखवलं. मी शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत ती थांबली, मग कागदाची घडी घालून टोकावड्याच्या गाडीसाठी निघाली.