आनंदाचे हिब्रू शब्द आणि माझा व्याही

जमलात की माझ्याच मागे लागता! घसा माझा सुकणार, चहा तुम्ही पिणार. बरं, हे किस्से म्हणजे माळ्यावरची भांडी. एक ओढलं की बाकीची डोक्यावर आदळतात. ऐका आता.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी. घरात मराठी, प्रार्थना हिब्रूत. पाठ सगळी, अर्थ शून्य! मी चौथी नापास, सोफ्याच्या गाद्या भरणारा. ऐंशी सालानंतरची गोष्ट. घाटकोपरला दाऊद मास्तर आपल्या खोलीत दर रविवारी अर्थ सांगायचे. तेव्हा माझी लेक रूबी गरोदर होती. आधीचं बाळ जन्मताच गेलेलं, त्यामुळे घरात कुणी हसून बोलत नव्हतं. आणि मास्तरांनी विषय काढला, आनंद! शास्त्रात त्याला म्हणे कितीतरी शब्द.

पहिला सिमखा. मास्तर म्हणाले, "सणाला सिमखा करायचा तो नोकर, परका, विधवा, अनाथ, सगळ्यांना धरून. तसा हुकूमच आहे."

शालोम, म्हणजे रूबीचा सासरा, बँकेतला क्लार्क, म्हणाला, "म्हणजे या व्याह्यालाही घ्यायचं?"

"म्हणून तर हुकूम करावा लागला रे!" मास्तर म्हणाले.

मग सासोन. "तारणाच्या विहिरींतून तुम्ही सासोनाने पाणी काढाल," मास्तर डोळे मिटून सांगत होते. तेवढ्यात बाहेर कुणीतरी ओरडलं, "नळ आला!" अख्खा क्लास बादल्या घेऊन पळाला. सगळ्यांत पुढे मास्तर! पळता पळता म्हणतात, "क्लास चालू आहे हां!"

गिला मात्र मला कळेना. थरथर कापत गिला करा, असं शास्त्रात लिहिलंय. मी म्हटलं, "मास्तर, भीती असली तर आनंद कसला?" ते म्हणाले, "सण येऊ दे, कळेल."

सिमखात तोराच्या सणाला शास्त्राची गुंडाळी हातात घेऊन नाचतात. त्या वर्षी मास्तरांनी ती माझ्या हातात दिली. तान्ह्या बाळाएवढी जड. पडली तर उपास करावा लागतो! शालोम ओरडला, "घट्ट धर, गादी नाही ती!" माझे हात लटपटत होते, पाय नाचत होते. मास्तर लांबून नुसते बघत होते.

शेवटी रिना. मास्तर म्हणाले, "आनंदाची आरोळीही रिना, आणि देवाला फोडलेला टाहोही रिना."

शालोम उसळला. "दोन्ही एकच? काहीतरीच!"

मी म्हटलं, "असेल एकच. नरडं एकच आहे ना माणसाला?"

"तू गप रे, अडाणी! तुला काय कळतंय?" सगळ्यांसमोर!

"माफी माग," मी म्हटलं.

"चुकलो तर मागेन."

पुढे मुलुंडच्या प्रसूतिगृहात, भर दुपारी, मी, शालोम आणि मास्तर दाराबाहेर उभे. आत रूबीचं ओरडणं थांबलं. मग काहीच नाही. बाळाचा आवाज नाही. नर्सची धावपळ. मास्तर पुटपुटत प्रार्थना म्हणत होते.

शालोमने कपाळ भिंतीला टेकवलं आणि टाहो फोडला, "देवा!" उभ्या जन्मात असा आवाज मी ऐकला नव्हता. तो आवाज अर्ध्यावर असताना आत बाळ रडलं. शालोमने मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. तोच टाहो आनंदाची आरोळी होऊन पुढे चालू राहिला!

नर्स धावत बाहेर आली. "अहो आजोबा, ओरडताय काय? नात झालीय, छान आहे!"

मास्तरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि माझ्याकडे बघितलं. मी व्याह्याकडे बघितलं.

नात आता मोठी झाली. त्या 'अडाणी'ची माफी अजून यायचीय. शालोमकडून!