दुर्बीण आणायला नांदुऱ्याला

सकाळी सातच्या गाडीत शेजाऱ्यानं मला अमडापूरहून बसवून दिलं. राग मला त्याचाच आला होता. बहात्तर वर्षांच्या माणसाला पोतं चढवावं तसं चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "बाबाले खामगावले उतरवा अन् नांदुऱ्याच्या गाडीत बसवून द्या. दिसत नाही त्याहिले." सगळी गाडी माझ्याकडे वळली असणार. मला तोंडं दिसत नाहीत, तेवढं बरं.

डोळ्याच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं पुसल्यासारखं. चष्म्याचा नंबर वाढवून काही होत नाही. बायको होती तोवर अडलं नाही. गाडीची पाटी ती वाचायची, पिशवी मी धरायचो. तिला जाऊन आठ महिने झाले. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, एकट्यानं गाडी पकडता येत नसेल तर इकडे या, चौथ्या मजल्यावर. मी म्हटलं, आधी दवाखान्यातून लांबच्या पाट्या वाचायची दुर्बीण आणतो, मग बोल. दिवाळीपर्यंतची मुदत दिली त्यानं. माझ्याच पोरानं मला.

खामगावच्या पुढं दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. एवढं पांढरं मलाही दिसतं. नांदुऱ्याला उतरून डोळ्यांचा दवाखाना विचारला तर चौघांनी चार रस्ते सांगितले. पाचव्यानं हात धरून नेलं, ते आणखी वाईट. दारापाशी गाडीवर आलुबोंडा (बटाटेवडा) खाल्ला. तिखट बरा होता. त्या दिवसातलं तेवढंच मनासारखं झालं.

दोन तास बसवून ठेवल्यावर तपासणाऱ्या बाईंनी बोलावलं. आवाजावरून तिशीतल्या वाटल्या. त्यांनी दोन तऱ्हेच्या दुर्बिणी माझ्या हातात दिल्या.

"बाबा, ही नळी हातात धराची, एका डोळ्याले लावाची. अन् ही चश्म्यावर बसवेल हाय. हात मोकळे राह्यतात, पण लावून चालाचं नाही. उभं राहूनच पाहाचं. चालसान तं पडसान."

चष्म्यावरची मी चाचपली. नाकावर दोन भुंगे बसवल्यासारखी होती.

"हातातलीच द्या. खिशात राह्यते. लोक पाह्यत नाहीत."

"लोकायचं सोडा. चला, फाटकापाशी पाहून घेऊ."

समोर गाड्या थांबत होत्या. बाई म्हणाल्या, पाटी वाचा. मी नळी लावली. अक्षरं आली, चांगली काळी, ठळक. पहिल्या अक्षरावर होतो तेवढ्यात हात हलला आणि पाटी नळीतून गेली. पुन्हा सापडेपर्यंत गाडीच गेली. बाईंनी जास्त जोराची नळी दिली. तिच्यात पाटी नाचायला लागली. मग त्याहून जोराची. तिच्यात अर्धं अक्षर.

"अजून मोठी देऊ?"

"द्या."

खोटं बोलत होतो मी. तशीच सगळ्यात मोठी घेऊन घरी आलो असतो.

बाई परत पहिली नळी हातात देऊन म्हणाल्या, "पाटी राहू द्या. खाली गाडीचा नंबर हाय, तो सांगा."

नंबर मी घडाघड सांगितला. बाजारात जन्म गेला, आकडा मला चुकत नाही.

"नंबर तं पाटीहून बारीक हाय, बाबा. तो कसा काय दिसला?"

"तुमाले काय कराचं?"

"मले काही नाही. पण तुमी चुकीची नळी घेऊन जासान."

मग सांगावंच लागलं. "दिसते हो. वाचाले टाइम लागते. एकएक अक्षर जुळवा लागते मले." हे फक्त बायकोला माहीत होतं. सुटीला आलेली पुतणी हे सगळं माझ्या तोंडून ऐकून लिहून घेतेय, तिलाही आत्ताच कळलं.

बाई हसल्या नाहीत, चिडल्या. "मंग हे आधी काऊन नाही सांगितलं? घंटाभर नाचवलं मले. नळी जितकी जोराची तितकं कमी दिसते अन् जास्त हालते. तुमाले कमी जोराची पाह्यजे, अन् डोक्यावर टिकणारी. हातात धरून दुखाले लागलं का तुमचा हात खाली येते, अन् तुमाले तं थांबून वाचा लागते."

म्हणजे भुंगेच. घेतले. बाहेर ते लावूनच चहा मागितला. चहावाल्यानं पेला पुढं केला, तो मला नाकापाशी आल्यासारखा वाटला. हात अर्ध्यातच मिटला आणि चहा धोतरावर.

परतताना खामगावला गाडी बदलायला उतरलो, स्टँडवर खांबाला टेकून उभा राहिलो आणि भुंगे लावले. शेजारी कोणीतरी म्हणाला, "काय बाबा, विमान पाहून राह्यले का?"

"गाडी पाहून राह्यलो. तुह्या तोंडात काय हाय पाहाले?"

एक गाडी लागली. चि. ख. 'ली' जुळली तोवर तिनं वळण घेतलं होतं. चिखलीची गाडी म्हणजे आमच्या गावावरून जाणारी, माझीच. इतका संताप आला की ते भुंगे काढून आपटावेत. पण शेजारचा बघत होता.

पुढची दीड तासानं. करणार काय, समोर येईल ती पाटी वाचत राहिलो. अकोला. मलकापूर. बुलडाणा. मेहकर. चुकलो, परत वाचलं. जन्मात एवढं सलग वाचलं नव्हतं. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी आलं. मग एक गाडी वळून आली आणि मी अक्षरं न जुळवताच म्हणालो, चिखली. भुंगे काढले, पिशवीत ठेवले आणि कोणाचा हात न धरता चढलो.

घरी पोहोचलो तर मुलाचा फोन. "बाबा, जमलं का?"

"एक गाडी हुकली."

"पाहा, मी म्हटलं नव्हतं?"

"दुसरी मीच वाचली. दिवाळीले तूच ये इकडे."

मी फोन ठेवला.

चहा करून बसलो, पण राग जाईना. परक्या स्टँडवर दीड तासात जे आलं ते घरात चाळीस वर्षांत का आलं नाही? बायकोनं पाट्या वाचून वाचून मला आळशी करून ठेवलं, असंच मी मनात म्हणत होतो. पण ते खरं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती म्हणाली होती, बसा, मी शिकवते, कोणाला सांगणार नाही. दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा मी चप्पल घालून बाहेर निघून गेलो.