भिंग हातात देणारा माणूस

मंगळवार पेठेतला तो माणिक पारखणारा कुणाचाही खडा खोटा आहे, असं स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नाही. भिंग पुसतो, गिऱ्हाइकाच्याच हातात देतो आणि म्हणतो, "बघा की तुम्हीच!"

परवा मी धाकट्या जावेला घेऊन गेले. सासूबाईंनी आम्हा दोघींना माणकाच्या दोन अंगठ्या दिल्या होत्या. मोठी म्हणून पहिली निवड माझी. नितळ माणिक मी पटकावलं, धुरकट तिच्याकडं सरकवलं. केवढी शहाणी होते मी! चाळीस वर्षं तिच्या अंगठीला हसले.

"काय दिसतंय, मावशी?" मी आधी माझी अंगठी भिंगाखाली धरली, तसं त्यानं विचारलं.

"बारीक बुडबुडे. आणि गोल वळलेल्या रेघा."

"जमिनीतल्या माणकात रेघा सरळ असत्यात. वळत्यात त्या भट्टीत बनवलेल्या खोट्या खड्यातल्या."

जावेची अंगठी ओढून मी भिंगाखाली धरली. तो धूर म्हणजे रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया होत्या, नुसत्या चमचमत होत्या! मी ओरडलेच, "अगं, तुझं खरं हाय!"

जाऊ म्हणाली, "मग अक्का, परत निवडताय काय?"

तो मान खाली घालून भिंग पुसत राहिला. पण त्याच्या मिशीतलं हसू मला भिंगाशिवायच दिसलं.