शंभर रुपयांची कपात

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, लिलावाच्या सौद्याला जाणाऱ्या बेदाण्याच्या पेट्यांची यादी तपासत होते. यादी पुरी केली, सही केली आणि मग पर्स उचलली. कुणाला हे कोरडं वाटेल. पण यादी अर्धी टाकून मला उठता येत नाही, आणि माझी ही खोड आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, चांगली ठाऊक होती. कुंडलला घरी पोचले तर टीव्ही चालूच होता. लोकसभेत अर्थसंकल्पावरची चर्चा सुरू होती. कुणी एक खासदार जवळजवळ रिकाम्या बाकांपुढं आपल्या भागातल्या अर्धवट कालव्याबद्दल पोटतिडकीनं बोलत होता. समोर आबांची खुर्ची. टीव्ही बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं... मीही त्या माणसाचं बोलणं संपेपर्यंत थांबले, मग बंद केला. मध्येच तोडलेलं आबांना चाललं नसतं.

आबा एसटीत कंडक्टर होते. प्रवासी सीटवर टाकून गेलेली वर्तमानपत्रं ते घरी आणत आणि आतली, कुणी न उघडलेली पानं आधी वाचत. तिथूनच त्यांना हा नाद लागला. अर्थसंकल्प मांडतात त्या दिवशी काय स्वस्त, काय महाग हे सगळेच बघतात. आबांचा हंगाम त्यानंतर सुरू व्हायचा, चर्चेच्या दिवसांत. पारावरचे मित्र चेष्टा करायचे, तर म्हणायचे, "गड्या, जेवणावळीला समदं गाव येतंय. पत्रावळ्या उचलायला कोण थांबतंय, त्ये बघायचं." कोण कुठल्या पक्षाचा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कुणी नेमका प्रश्न विचारला की ते मांडीवर थाप मारत, आणि मंत्र्यानं नेमकं उत्तर दिलं तर त्याहून मोठी.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मला तासगावची ही नोकरी चालून आली. नवऱ्याची हरकत नव्हती, आबांची होती. "एसटीच्या गर्दीत मी जल्म काढलाय. घरची सून रोज त्यात न्हाई जायची." विषय संपला. त्या संध्याकाळी टीव्हीवर विरोधकांच्या कपात सूचना चालल्या होत्या. एखाद्या खात्याच्या हजारो कोटींच्या मागणीतून फक्त शंभर रुपये कमी करा, असं सदस्य म्हणत होते. मी फणकाऱ्यानंच विचारलं, "आबा, शंभर रुपयांनी सरकारचं काय अडणार?"

"काय बी अडत न्हाई. सूचना पडणार, हे मांडणाऱ्यालाबी म्हाईत असतंय. पर सरकारला उभं ऱ्हाऊन उत्तर द्यावं लागतंय. शंभर रुपये म्हंजे तिकीट समज. तिकीट काडलं की कंडक्टरला तुला खाली उतरवता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी वहीचं पान फाडून लिहिलं, "घरखर्चाच्या मागणीतून शंभर रुपये कमी करावेत. कारण : सुनेच्या नोकरीला दिलेला नकार." आणि टीव्हीशेजारी लाइटबिलं अडकवायच्या खिळ्याला ते टोचलं. सासूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "आता द्या उत्तर, मंत्रीसायेब!" आबांनी चिठ्ठी दोनदा वाचली, टीव्ही बंद केला आणि उठून उभे राहिले.

"बसून बोला की," मी घाबरून म्हणाले.

"सभागृहात बसून उत्तर देत न्हाईत."

त्यांनी उभ्यानं आपली कारणं सांगितली : गर्दी, संध्याकाळची शेवटची गाडी, लोकांची तोंडं. माझ्याकडे एकेका कारणापुढं उत्तर लिहून तयार होतं. कुठली गाडी, सोबत कुंडलच्या कोणकोण बाया, गाडी चुकली तर थांबायचं कुणाकडे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "सूचना फेटाळली," ते म्हणाले. माझा चेहरा पडला. तशी हळूच पुढं म्हणाले, "सोमवारच्या सातच्या गाडीत शीट मी धरून देतो."

तेव्हापासून तो खिळा रिकामा राहिला नाही. आठवड्याच्या चिठ्ठ्या गोळा करून कोणती कधी चर्चेला घ्यायची, ही यादी करायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या लेकीनं, ऋतुजानं, आठव्या वर्षी सायकलसाठी सूचना लावली होती. आबांनी एकही सूचना कधी मंजूर केली नाही. सायकल मात्र आली. आणि उत्तर द्यायला ते दर वेळी उभे राहिले, गुडघे गेल्यावर खुर्चीचा हात धरून.

यंदा सांगलीच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितलं, लवकर. आबांचं एकच, "अधिवेशन संपू दे. मागण्यांवरची चर्चा हाय अजून." मी चिठ्ठी लावली, "शंभर रुपये कपात. कारण : ऑपरेशनची चालढकल." त्यांनी चष्मा लावून वाचली. "कवा घेताय चर्चेला, सन्माननीय सदस्या?" त्या आठवड्यात माझ्या सौद्यांची धांदल होती. मी यादीत रविवार लिहिला.

आबा शुक्रवारी गेले.

संसदेत ठरलेले दिवस संपले की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. त्याला गिलोटिन म्हणतात, हे मला आबांनीच सांगितलं होतं. रविवार मी लिहिला होता, हे मी कुणाच्या माथी मारत नाही. घरात आता नियम केला आहे : तब्येतीची सूचना लागेल त्याच दिवशी चर्चेला.

तेराव्यानंतर मी नेहमीसारखी यादी केली. पेन्शनचे कागद, कपडे, चष्मा, खुर्ची माळ्यावर. एकेकावर खूण करून दोन दिवसांत संपवली. तिसऱ्या दिवशी खिळ्याला नवी चिठ्ठी. ऋतुजाचं अक्षर. "शंभर रुपये कपात. कारण : आजोबांची खुर्ची हलवण्याची घाई."

मी लसूण सोलत बसले होते. "अगं, येता-जाता अडत होती ती. आणि रिकामी खुर्ची बघून..."

"आई, बसून?"

मी ताट बाजूला ठेवलं आणि उठले. कारणं तयार होती, क्रमानं. पण उभं राहिल्यावर खिळा डोळ्यांसमोर आला. तिच्या चिठ्ठीखाली माझी ऑपरेशनची चिठ्ठी अजून टोचलेली होती.

"सूचना मंजूर," मी म्हणाले. त्या खिळ्यावरची पहिलीच.

खुर्ची आम्ही दोघींनी माळ्यावरून उतरवली. ती आता तिच्या जागी आहे. खिळ्यावर माझी रविवारची चिठ्ठीही आहे. ती काढणं मी कुठल्याच यादीत लिहिलेलं नाही.